गच्चीवरचं गलबत

जोगेश्वरी (पूर्व),
२२ सप्टेंबर २०२५

ती. सुगंधा आत्यास,
सर्वेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की फोनवर तू माझं ऐकत नाहीस. जूनमध्ये मी कॉलेज अर्धवट सोडलं आणि तुझ्यावर फोनवर आवाज चढवला, तेव्हापासून तुझा हुकूम आहे की यापुढे जे काय ते पत्राने, कारण पाकिटाला तिकीट चिकटवेपर्यंत अर्धा राग जिभेवरच सुकतो. अख्खी नोकरी अंधेरीच्या पोस्टात टपाल निवडण्यात आणि खिडकीवर तिकिटं विकण्यात काढलेल्या बाईशी वाद कोण घालणार! तर घे पत्र. पण आज राग नाहीये. आज मी इतका खूश आहे की तिकीट उलटं चिकटलं तरी समजून घे.

आत्या, माझा गेम चालायला लागला! काल पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटाच्या अलीकडपर्यंत न अडखळता चालला आणि मी नि सिद्धेश खोलीतल्या खोलीत असे नाचलो की खालच्या रेवतीकाकूंनी छताला झाडू ठोकला. सिद्धेश म्हणजे माझा कॉलेजचा मित्र. चित्रं तो काढतो, बाकी सगळं मी. तो अजून कॉलेजात आहे, त्यामुळे त्याला जेवायला वाढताना त्याच्या घरी भांडी आपटत नाहीत.

गेम एवढासा आहे. तुझा भात शिजेपर्यंत संपेल. बंदुका नाहीत, गाड्या नाहीत, पॉइंट नाहीत. आपल्या बिल्डिंगची गच्ची आहे आणि एक बटण आहे, डोळे मिटायचं. ते दाबून धरलं की गच्चीचं गलबत होतं! पाण्याची काळी टाकी म्हणजे कप्तानाची खोली, केबलवाल्याची गंजलेली छत्री म्हणजे सुकाणू, दोरीवरच्या साड्या म्हणजे शिडं. खाली हायवेच्या जागी समुद्र आणि त्यात रिक्षांची कासवं. जोगेश्वरीच्या गुंफांच्या बाजूला चाचे राहतात. बटण सोडलं की पुन्हा गच्ची, पुन्हा साड्या, पुन्हा कुणीतरी ओरडतंय की कार्ट्यांनो, टाकीवर चढू नका. तू पण आहेस त्यात. तुझ्या वाळत घातलेल्या सांडग्या मिरच्या म्हणजे एक बेट. त्यावर चुकून पाय पडला की समुद्रातून राक्षसीण उठते, हातात लाटणं, अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. रागावू नकोस. सगळ्यात झकास चित्र तेच झालंय.

आता दुसरी बातमी. बसून वाच. संघमित्रा भेटली. कोपऱ्यातल्या खोलीतल्या भीमराजकाकांची संघमित्रा. जिच्याबरोबर मी अख्खं लहानपण त्या गलबतावर काढलं आणि जी एका मे महिन्यात खेळ अर्धा टाकून मुलुंडला राहायला निघून गेली, ती. आता कान तपासते, घाटकोपरच्या एका दवाखान्यात. झालं असं की बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. बाबा आणि मी जूनपासून बोलत नाही, म्हणजे ते मला आईमार्फत बोलतात. पण आईने सांगितलं म्हणून त्यांना मीच नेलं. मेट्रोत शेजारी बसून दोघं दोन दिशांना बघत होतो. आणि तिथे काचेपलीकडे पांढऱ्या कोटात ती! तिने बाबांना कपाटाएवढ्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं की अगदी बारीक आवाज आला तरी अंगठा वर करा. बाकीचे लोक बोट वर करायला सांगतात म्हणे, ही अंगठा सांगते. बाबा अंगठा वर करून शाळेतल्या पोरासारखे बसलेले. आणि मला बघून ती काय म्हणाली? म्हणाली की उंची वाढली रे, कान मात्र तेवढेच राहिले. बस! आणि पुढचा पेशंट आत घेतला. आत्या, माझी वाट लागली. दिवसभर पार्ल्याच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडतो आणि प्रत्येक नवरी पांढऱ्या कोटात दिसते.

पण ती पंधरा नोव्हेंबरला नागपूरला जातेय, मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागलीय. त्याच्याआधी तिने हा गेम खेळायला पाहिजे. मला तिला जे सांगायचंय ते सगळं त्यात आहे. तोंडाने सांगायला गेलो तर मी काहीतरी भांडूनच परत येईन, तुला माहितीये.

म्हणून एक काम कर. तुझी खोली बंद आहे आणि किल्ली बाबांकडे. इथे घरात टीव्ही बाबांच्या कानांच्या मापाने लागतो, मी गेमचे आवाज कुठे रेकॉर्ड करू? बाबांना एक ओळ लिही, किल्ली दे म्हणून. आणि संघमित्राचं त्यांना सांगू नकोस.

लोभ आहेच, त्यात किल्लीएवढी भर पडावी.

तुझा,
सर्वेश


देवगड,
२९ सप्टेंबर २०२५

चि. सर्वेश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तिकीट सरळच होतं, म्हणजे प्रकृती ठीक दिसते.

मेल्या, माका राक्षसीण केलंस? पोस्टमन कुंडलिक दारातच उभा होता, त्यालाच वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. शेजारच्या लवूची नात येऊन विचारून गेली की सुगंधाआजी मोबाइलवर कधी दिसणार. तेव्हा आता मागे फिरू नकोस, पण दुरुस्ती कर. गाऊन घालून मी गच्चीवर जन्मात आलेली नाही. साडी, आणि पदर खोचलेला. हातात लाटणं नव्हतं, झारा होता, कारण तुमच्यापायी मला तळण अर्धं टाकून वर यावं लागायचं. राक्षसीण व्हायला हरकत नाही, पण नीट साडी नेसलेली पाहिजे.

किल्लीचं म्हणशील तर नाही. ती दशरथाकडे आहे आणि त्याच्याकडे मागायचं तोंड तुला देवाने दिलंय. जन्मभर लोकांची पत्रं इकडची तिकडे केली, आता घरात बसून ते करणार नाही. आणि तो बोलत नाही म्हणतोस, तर तू काय बोललास ते त्याला ऐकू तरी आलं होतं का, हे कधी बघितलंस? ज्याला ऐकू कमी येतं तो आधी स्वतःच बोलायचा थांबतो. उगाच भलतं उत्तर जायला नको म्हणून. पोस्टाच्या खिडकीवर अशी पुष्कळ माणसं बघितली मी.

भीमराज-द्रौपदीची पोर चांगली शिकली हे वाचून बरं वाटलं. लहानपणी आगाऊ होती, आता कान तपासते म्हणजे अधिकृत आगाऊ झाली. दशरथाला सांगू नकोस लिहितोस. काय सांगू नको? अजून तूच काही सांगितलेलं नाहीस, ना तिला, ना कुणाला. त्याच्या मनात शंका येणार नाहीत असं मी म्हणत नाही, तो माझा भाऊ आहे, मी ओळखते. पण मी टपाल निवडलं ते पिनकोड बघून, आडनाव बघून नाही, एवढं तू माझ्यापुरतं लक्षात ठेव.

एक विचारते. शेवटाच्या अलीकडपर्यंत चालला म्हणतोस. म्हणजे शेवट केलाच नाहीस का? भात शिजला तरी झाकण कुणीतरी काढायला लागतं, बाबा.

लोभ भरपूर आहे. तापटपणा थोडा कमी कर, म्हणजे तो ठेवायला जागा होईल.

तुझी,
आत्या


जोगेश्वरी (पूर्व),
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू शेवटाचं विचारलंस आणि तिथेच माझी काशी झाली. हे पत्र रागात आहे, पण तिकीट आधी लावून मग लिहितोय, तेव्हा नियम पाळलाय.

काल अंधेरीत एका हॉलमध्ये स्वतःचे गेम बनवणाऱ्यांचा मेळा होता. टेबलं मांडलेली, लोक येऊन खेळून जाणार. आत्या, काय गर्दी झाली आमच्या टेबलावर! तुझी साडीवाली, झाऱ्यावाली राक्षसीण उठली की लोक मागे सरकून हसत होते. एक टाय लावलेले गृहस्थ डोळे मिटायचं बटण नुसतं दाबत आणि सोडत बसले, गच्ची, गलबत, गच्ची, गलबत. बायको ओढायला आली तरी उठेनात. सिद्धेशने मला चिमटा काढला. मला वाटलं, जिंकलो!

मग शेवटचं दृश्य आलं. त्यात लपाछपी चालू आहे. राज्य मुलावर. तो टाकीला तोंड करून, डोळे मिटून आकडे मोजतोय. तेवढ्यात जिन्यातून मुलीचा आवाज येतो, टाइमप्लीज! आणि सगळं थांबतं. साड्या थांबतात, समुद्र थांबतो, आकडे थांबतात. सगळी बटणं बंद. फक्त कॉम्प्युटरचा माइक चालू असतो. कुणीतरी मोठ्याने सुटली म्हणायचं, की खेळ पुढे. आपल्याकडच्या कुठल्याही पोराला हे कळेल की नाही?

एकाला कळलं नाही! टाय घातलेल्यांना पण नाही. बटणं बडवत बसले सगळे. मग निळा टीशर्ट घातलेला एक आयोजक आला आणि म्हणाला की हा हँग झालाय, बंद करून परत चालू करा. मी म्हटलं हँग नाही, टाइमप्लीज आहे. तो म्हणाला, काय आहे? मी म्हटलं, तू लहानपणी कधी खेळलास की थेट मोठाच जन्माला आलास? तो म्हणाला, लाइन खोळंबलीय, आणि वायर काढायला वाकला. मी त्याचा हात धरला. मग आवाज, मग धक्का, मग टेबल कलंडलं, मग सिद्धेशने मला कमरेला धरून बाहेर काढलं.

बाहेर त्याचं नि माझं जुंपलं. तो म्हणतो, साधा शेवट कर, मुलगी येते, दोघं हसतात, नावं येतात, संपलं. मी म्हटलं, नाही, ती स्वतः सोडेपर्यंत काही हलणार नाही. तो म्हणाला की मग हा गेम नाहीच, एका मुलीच्या दारावर लावलेली नोटीस आहे, आणि ती लावायला त्याने रंगवून दिलीय. गेला निघून. फोन उचलत नाही.

पण आत्या, त्या दिवशी झालंच होतं तसं! राज्य माझ्यावर होतं. ती जिन्यातून टाइमप्लीज ओरडली आणि मी थांबलो. आपल्या बिल्डिंगचा नियमच होता, टाइमप्लीज घेताना अंगठ्याला थुंकी लावून तो वर धरायचा, ज्याने घेतली त्यानेच सोडायची, तोवर कुणी जागचं हलायचं नाही. मी हललो नाही. ऊन कलेपर्यंत टाकीला कपाळ टेकून उभा होतो. शेवटी बाबा वर आले, मला उचलून खाली नेलं, तेव्हा कळलं की सामानाचा टेम्पो ठरल्यापेक्षा लवकर आला आणि ती मंडळी गेली पण. तिने सोडलीच नाही. विसरली. तिच्यासाठी तो एक खेळ होता, टाकला आणि गेली. राज्य अजून माझ्यावरच आहे. मी शेवट कुठून आणू, जो झालाच नाही?

आता सगळं उडवून टाकणार आहे. चित्रं, आवाज, गच्ची, सगळं. जाऊ दे तिला नागपूरला.

लोभ ठेव. मला सध्या स्वतःविषयी फारसा नाहीये.

सर्वेश


देवगड,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. सर्वेश यास,
आशीर्वाद. आणि एक धपाटा, तो दशरथाने माझ्या वतीने घालावा.

काही उडवू नकोस. हे पत्र पोचेपर्यंत उडवलं असशील तर परत कर, ते कसं करतात ते तुला माहीत.

तो टेम्पो निघाला तेव्हा मी खाली गल्लीत होते. द्रौपदीला पोह्याचे पापड बांधून दिले होते, ते द्यायला उतरले. ती पोर टेम्पोत मागे बसली होती, कपाट आणि गाद्यांच्या मधे. उजवा अंगठा थुंकी लावून असा वर धरलेला. द्रौपदी ओरडत होती की अगं दोरी धर, पडशील. ही दोरी डाव्या हाताने धरते, पण उजवा खाली घेत नाही. टेम्पो रेशनच्या दुकानापाशी वळला तेव्हा मला शेवटचं दिसलं ते तेवढंच, गाद्यांच्या वर एक अंगठा. मला वाटलं, पोरगी टाटा करतेय. मी पण हात हलवला. पुढे द्रौपदी एकदा फोनवर हसत म्हणाली होती की मुलुंड येईस्तोवर हिने हात खाली घेतला नाही, खांदा दुखून रडली पण नाही घेतला. मी म्हटलं, पोरांचं काहीतरी असेल. तुमचा नियम मला कुठे माहीत? मी फक्त मिरच्या राखत होते. आज तुझं पत्र वाचलं आणि हातातली चहाची कपबशी तशीच राहिली.

तेव्हा ती विसरली नाही, बाबा. तिने धरून ठेवली होती. तू गच्चीच्या कठड्यापाशी येऊन खाली बघितलं असतंस तर दिसलं असतं. पण तू टाकीला तोंड करून उभा. डोळे मिटायचं बटण तू छान केलंयस. उघडायचं कधी करतोस?

आता कामाचं. सिद्धेशची माफी माग, आधी त्याची. मग त्या निळ्या टीशर्टची. तो बिचारा लाइन सांभाळत होता. आमच्या खिडकीवर अशी भांडणं करणाऱ्यांना मी सगळ्यात शेवटी तिकीट द्यायची.

दिवाळीचा फराळ मुंबईला येणाऱ्या दादूबरोबर दशरथाच्या नावाने पाठवते आहे. त्यात एक पुडी वेगळी, सुतळीने बांधलेली आहे. ती तुझी नाही. उघडलीस तर मला इथे कळेल. दशरथाला मी निराळं पत्र लिहिलंय, त्यात काय आहे ते विचारायचं नाही. किल्लीचं नाही, एवढं सांगते. ती तूच मागायची आहेस.

लोभ आहे म्हणून रागावते, हे निदान आता तरी समजून घे.

तुझी,
आत्या


जोगेश्वरी (पूर्व),
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय संघमित्रा हिस,
स. न. वि. वि.

प्रिय लिहिलंय. पत्रात सगळेच लिहितात, पण मी उगाच लिहिलेलं नाही.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात एक छोटा गेम आहे, मी आणि सिद्धेशने बनवलेला. (त्याची माफी मागून झाली. त्याने चित्रात माझे कान मोठे करून सूड घेतलाय.) तुझ्या त्या बंद खोलीत बसून, हेडफोन लावून खेळ. डोळे मिटायचं बटण आहे. शेवटाकडे मी या आठवड्यात एक नवं बटण घातलंय, ते डोळे उघडायचं. ते एकदाच चालतं. ते दाबल्यावर मुलगा टाकीपासून वळतो आणि कठड्यापाशी पळत जातो. खाली काय दिसतं ते मला परवा-परवा कळलं. इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावलो होतो, उलट दिशेला तोंड करून.

त्याच्यापुढे कुठलंच बटण चालणार नाही. तिथे काय करायचं ते फक्त तुला माहीत आहे. माहीत नसेल, किंवा करावंसं वाटत नसेल, तर काही नाही. पेन ड्राइव्ह बाबांच्या पुढच्या खेपेला त्यांच्याकडे परत दे. मी भांडणार नाही. प्रयत्न करीन.

लोभ असावा, एवढं तरी लिहू दे.

सर्वेश


मुलुंड (पूर्व),
४ नोव्हेंबर २०२५

सर्वेश यास,
सप्रेम जय भीम.

तुला फोन करता येत नाही का? पाकिटावर तुझं अक्षर बघून दवाखान्यात सगळ्यांना वाटलं कुणी तक्रार लिहून पाठवलीय.

जेवणाच्या सुट्टीत खेळले. डबा उघडलाच नाही. आधी चुका सांगते, नाहीतर तुला चढेल. टाकीवर थाप मारल्याचा आवाज चुकीचा आहे. तू भरलेली टाकी वाजवलीस, ढब्ब. मे महिना होता, बाबा! टाकी दुपारी रिकामी असायची आणि ढण्ण वाजायची, आणि आतून आपलाच आवाज परत यायचा. मी कानांचं शिकले ती त्या टाकीत ओरडून ओरडून. दुसरं, जिन्यातली माझी टाइमप्लीज फार गोड आवाजात आहे. मी गोड आवाजात कधी बोलले? राक्षसीण मात्र शंभर टक्के. झारा बघून मी इतकी हसले की बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

मग तो कठडा आला. मी नवं बटण दाबलं. टेम्पो, कपाट, गाद्या, आणि तो अंगठा.

सर्वेश, मी हेडफोन काढून ठेवले आणि बाहेर पेशंट बसलेत हे थोडा वेळ विसरले. आईशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलुंडला गेल्यावर नव्या बिल्डिंगमधली पोरं बोलवायला आली तरी मी कितीतरी दिवस खेळायला उतरले नाही. एक खेळ थांबवून ठेवलेला असताना दुसरा कसा खेळणार? आणि पेशंटना अंगठा का वर करायला सांगते, ते आमच्या सरांनी विचारलं होतं. मी नुसतं सवय आहे म्हणून सांगितलं होतं.

तर मी सुटली म्हटलं. म्हटलं म्हणजे ओरडले. ज्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही म्हणून आम्ही मिरवतो, तिच्यातून बाहेर गेला. आणि मग काय झालं? काळा पडदा! बस? अरे मूर्खा, एवढी वर्षं राज्य घेऊन उभा राहिलास आणि सुटल्यावर काय करायचं याचा विचारच केला नाहीस? सुटली म्हटलं की खेळ संपतो होय? पुढे चालू होतो! मला शोधायला नको?

आणि शोधणार कसा? गेममध्ये टाकीमागे, जिन्याखाली, मीटरच्या पेटीआड अशा जागा काढल्यायस. मी त्यातल्या एकाही जागी नव्हते. दर वेळी तुला मी सापडायचे नाही, आठवतं? कारण मी चीटिंग करायचे. हद्दीच्या बाहेर लपायचे आणि त्यात एक मोठं माणूस सामील होतं. नाव सांगणार नाही.

नागपूरला मी जाणार. ती नोकरी मी मागून मिळवलीय. तू थांब म्हणालास तर भांडण होईल, आणि मी जिंकेन. पण त्याच्याआधी एक रविवार आहे, नऊ तारखेचा. दुपारी चारला गच्चीवर टाकीला तोंड करून उभा राहा आणि शंभरपर्यंत मोज. खरोखर डोळे मिटून. मी आपल्या जागी असेन.

तुझे बाबा परवा कानाचं मशीन बसवून घ्यायला एकटेच आले होते. किती बोलतात ते! तुला माहीत आहे का?

लोभ असावा, आणि कान उघडे असावेत.

संघमित्रा


जोगेश्वरी (पूर्व),
१७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सर्वेशचा शि. सा. न. वि. वि. (या वेळी खरोखर साष्टांग.)

आत्या, तू राक्षसीण नाहीस, चाच्यांची सरदार आहेस!

रविवारी मी पावणेचारपासूनच टाकीला कपाळ टेकून उभा. चारला मोजायला लागलो. साठाच्या पुढे गेलो असेन, मागे चपलांचा आवाज आला. मी वळलो नाही. बाबा होते. जूनपासून माझ्याशी थेट एक अक्षर न बोललेले बाबा माझ्या पाठीशी उभे राहून म्हणाले की सुगंधाच्या स्वयंपाकघरात उंदराची खुडबुड ऐकू येतेय, मोजून झालं की जाऊन बघ. मी तसाच डोळे मिटून मोजत राहिलो, पण आकडे चुकले गं. सत्तरनंतर थेट नव्वद म्हटलं बहुतेक. खाली तिसऱ्या मजल्यावरची खुडबुड बाबांना गच्चीवर ऐकू येते म्हणजे मशीन भारीच असणार!

उतरलो. तुझ्या दाराला कुलूप नव्हतं, म्हणजे किल्लीवाले बाबा पण तुझ्या कटात! आत सगळं झाकलेलं, धूळ, आणि ओट्याखालचा तो फुलाफुलांचा पडदा. पडद्याखालून दोन गुडघे बाहेर आलेले, मावत नव्हते. मी पडदा सरकवला. ती तिथे अंग चोरून बसून खोबऱ्याची वडी खात होती आणि मांडीवर सुतळी सोडलेली पुडी. म्हणाली की इतका वेळ लावलास, मी दोन संपवल्या. म्हणजे तू लहानपणी तिला ओट्याखाली बसवून वड्या चारायचीस आणि मी वर टाकीमागे, मीटरआड शोधून शोधून रडकुंडीला यायचो! आत्या! माझी सख्खी आत्या ना तू?

मग मी तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि बोललो. तोंडाने. भांडलो नाही, आवाज चढवला नाही, उलट इतक्या बारीक आवाजात बोललो की मलाच धड ऐकू आलं नाही. बोलून झालं. ती वडी चावतच होती. मला वाटलं, पोचलं नाही. आणि तिने अंगठा वर केला.

बाहेर आलो तर बाबा आपल्या दारात खुर्ची टाकून बसलेले. तिला म्हणाले की द्रौपदीवहिनींना आणि भीमराजना एकदा घेऊन ये, खूप वर्षं झाली. बाकी काही नाही. मनात अजून काय काय चालू असेल ते मला माहीत नाही, पण एवढं ते स्वतःच्या तोंडाने बोलले. मग मी त्यांना म्हटलं की मला आत्याच्या खोलीची किल्ली हवीय, कामाला. आईला मधे न घेता. त्यांनी खिशातून काढून दिली आणि विचारलं की हा गेम नक्की काय असतो. रात्री बसवून दाखवला. रिकाम्या टाकीची नवी थाप वाजली, ढण्ण, आणि आत्या, बाबांनी सवयीने अंगठा वर केला. आई हसता हसता उठून आत गेली.

शेवट झाला. सुटली म्हटलं की मुलगा वळतो, जिना उतरतो, हद्दीबाहेर जातो आणि थेट राक्षसिणीच्या घरात शिरतो. ती झारा उगारत नाही, पडद्याकडे बोट दाखवते. आणि सुटली तिनेच म्हणावी हा हट्ट मी सोडला, आता कुणीही चालतं, कुठलंही पोर, कुठलाही टायवाला. निळ्या टीशर्टला नेऊन दाखवला. शेवटाला तो स्वतःच माइकमध्ये ओरडला आणि मग म्हणाला की त्याच्या गावी टाइमप्लीजला काहीतरी दुसरंच म्हणतात, त्याला तेव्हा आठवलं नाही. पुढच्या मेळ्याला बोलावलंय. लवूच्या नातीसाठी मोबाइलवरचा बनवतोय. तुझा पदर खोचलेलाच ठेवलाय.

परवा ती गेली. घाटकोपरहून नागपूरची बस, त्या बंद काचांची. मी थांब म्हटलं नाही. निघताना तिने मला नियम समजावला की जो सापडतो त्याच्यावर राज्य येतं, म्हणजे आता राज्य तिच्यावर आहे, शोधत यायचं काम तिचं आणि लपायचं माझं. मी म्हटलं, मी कुठे लपणार, आत्याच्याच खोलीत ओट्यापाशी कॉम्प्युटर मांडलाय. ती म्हणाली की मग सोपं आहे, आणि चढली.

बस हलली. काच उघडत नव्हती. तिने अंगठा जिभेला लावला आणि आतून काचेवर टेकवला, घट्ट, आणि तसाच ठेवला. बस पूल चढून वळेपर्यंत.

या वेळी मी तिकडेच बघत होतो.

लोभ आहे, तो आता तुम्ही सगळ्यांनी सारखा वाटून घ्यावा. वड्या पाठव, पुडीला सुतळी नको.

तुझा,
सर्वेश